वजनाचा हिशेब बरोबर, औषध चूक

प्रश्न थोडक्यात असा: घरात चार किलोचं मांजर, एक कुत्रा, गोठ्यात दोन गायी. मांजराला ताप वाटतो आणि कपाटात लहान मुलांचं पॅरासिटामॉल आहे. पशुवैद्य तरी बऱ्याचदा माणसांच्याच दुकानातली औषधं लिहून देतात, फरक काय तो डोसचा. मग वजनाप्रमाणे भागाकार करून आपणच का देऊ नये? आणि ही औषधं जनावरांच्या अंगात नेमकं करतात तरी काय? जाता जाता आणखी एक चौकशी आहे, ती म्हणजे अमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाच्या (अँटिबायोटिकच्या) उरलेल्या सहा गोळ्यांचं काय करायचं.

पहिल्या भागाचं उत्तर आधी, कारण त्याला घड्याळ लागलेलं आहे. मांजराला पॅरासिटामॉल द्यायचं नाही. पाव गोळी नाही की चार थेंब नाहीत. दिलं असेल तर हे नंतर वाचा, आता पशुवैद्याकडे निघा आणि औषधाची बाटली सोबत न्या. घरी मीठपाणी पाजून उलटी करवायला जाऊ नका, त्यात मीठ बाधण्याची आणि पाणी फुफ्फुसात जाण्याची भर पडते.

दिलं नसेल तर थर्मामीटर घ्या. मांजराचं नेहमीचं तापमानच १००.५ ते १०२.५ फॅरनहाइटच्या घरात असतं. माणसाच्या हाताला निरोगी मांजराचे कान गरमच लागतात. ‘अंग गरम लागतंय’ म्हणून आणलेल्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना ताप नसतोच. खरंच ताप असला, तर माझा हात आधी त्याच्या अंगावरच्या केसांत जातो, कारण दुसऱ्या बोक्याने चावून झालेलं आणि वरून बुजलेलं गळू हे त्याचं फार नेहमीचं कारण आहे. अशा वेळी तापाचं औषध हा उपाय नसतो, गळू फोडून पू काढायचा असतो.

आता भागाकाराकडे येऊ. मुलांना किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत देतात, मांजर चार किलोचं, म्हणजे ६० मिलिग्रॅम. गणित चोख आहे. फक्त त्यात न बोलता एक गोष्ट धरून चाललोय की औषध अंगात गेल्यावर दोघांकडे त्याची विल्हेवाट एकाच पद्धतीने लागते.

माणसाच्या यकृतात पॅरासिटामॉलला बाहेर काढायचे मुख्य तीन रस्ते आहेत. पहिला आणि सर्वांत रुंद रस्ता म्हणजे त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून पाण्यात विरघळेल असं करायचं आणि लघवीवाटे सोडून द्यायचं. दुसरा, त्याला सल्फेट जोडायचं. तिसरा रस्ता चिंचोळा आणि वाईट आहे. त्यावरून जाणाऱ्या औषधाचं एका विषारी पदार्थात रूपांतर होतं, आणि पेशींमधलं ग्लुटाथायोन तो पदार्थ जागच्या जागी निकामी करतं. माणसात या तिसऱ्या रस्त्याने थोडंसंच औषध जातं, म्हणून नेहमीच्या डोसला काही होत नाही. मांजरात पहिला रस्ता जवळजवळ बंद आहे. त्यासाठी लागणारं एन्झाइम बनवणारं जनुक मांजरकुळात मोडलेलं आहे, चित्त्यातही तसंच. केवळ मांसावर जगणाऱ्या प्राण्याला वनस्पतींमधली विषं पचवायची गरज उरली नाही म्हणून ते निकामी होऊ दिलं गेलं असावं, असं मानतात. दुसरा रस्ता लगेच तुंबतो. उरलेलं सगळं तिसऱ्यावर येतं आणि ग्लुटाथायोन काही तासांत संपतं.

पुढचा घाव रक्तावर पडतो. मांजराच्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिडेशनला बळी पडणारे गंधकाचे गट आठ असतात, माणसात दोनच. त्यामुळे मांजराच्या तांबड्या पेशी आधी मार खातात. हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या फिक्या, मग मातकट तपकिरी दिसायला लागतात, सिरिंजमध्ये घेतलेलं रक्त चॉकलेटी येतं, तोंड आणि पंजे सुजतात. किलोला १० मिलिग्रॅमइतक्या मात्रेनेही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे तुमचे ६० मिलिग्रॅम त्या रेषेच्या पलीकडेच पडतात. उतारा आहे: अॅसिटिलसिस्टीन. ते ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरायला कच्चा माल पुरवतं. पण साठा संपून पेशी फुटू लागल्यावर ते देण्यात आणि पहिल्या दोन-चार तासांत देण्यात जगण्या-मरण्याचा फरक पडतो. माझ्याकडे असा एक बोका सकाळी आला होता. औषध आदल्या संध्याकाळी दिलं होतं आणि रात्री तो ‘शांत झोपला’ म्हणून घरच्यांना बरं वाटलं होतं. तो वाचला नाही.

कुत्र्यात हाच पहिला रस्ता उघडा असतो, म्हणून काही ठिकाणी कुत्र्यांना पॅरासिटामॉल मोजूनमापून देतातही. म्हणजे ‘जनावरांना चालत नाही’ हेही खरं नाही. कोणत्या जनावराला, हा प्रश्न प्रत्येक औषधाला नव्याने विचारावा लागतो. अॅस्पिरिनचंच बघा. तोही त्याच बंद रस्त्याचा प्रवासी. कुत्र्याच्या रक्तातलं अॅस्पिरिन निम्म्यावर यायला आठेक तास लागतात, मांजरात दीड दिवसाहून जास्त. म्हणून मांजराला रक्त गोठू नये यासाठी अॅस्पिरिन दिलंच, तर दोन-तीन दिवसांतून एकदा देतात. वजन करून डोस बरोबर काढलात आणि दिवसातून दोनदा दिलात, तरी चौथ्या दिवशी विष.

दुखण्यावरच्या औषधांचा आणखी एक मुद्दा, कारण आयब्युप्रोफेन कुत्र्याला देणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. मेलोक्सिकॅम, कार्प्रोफेन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही सगळी एकाच कुळातली. इजा झाली की पेशींच्या आवरणातून अॅराकिडोनिक आम्ल सुटतं आणि सायक्लोऑक्सिजनेज नावाचं एन्झाइम त्यापासून प्रोस्टाग्लँडिन बनवतं. सूज, ठणका, ताप ही त्याचीच करणी. हे एन्झाइम अडवलं की आराम पडतो. पंचाईत अशी की प्रोस्टाग्लँडिन फक्त दुखवायला नसतात. जठराच्या आतल्या बुळबुळीत अस्तराची निगा तेच राखतात आणि रक्तदाब उतरला की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा चालू ठेवायचं कामही त्यांचंच. आयब्युप्रोफेन दोन्हीकडचं एन्झाइम सरसकट अडवतं, कुत्र्याच्या आतड्यातून ते पुन्हा पुन्हा शोषलं जातं आणि त्याच्या अंगात रेंगाळतं. मग काळी, डांबरासारखी शी होते. डांबर दिसलं याचा अर्थ जठरात रक्त सांडतंय. कार्प्रोफेन, मेलोक्सिकॅम यांचा जोर सुजेच्या बाजूच्या एन्झाइमवर अधिक, म्हणून कुत्र्यांसाठी ती निवडली गेली. पण तीही उलट्या-हगवणीने सुकलेल्या कुत्र्याला दिली तर मूत्रपिंडं जातात. आणि स्टेरॉइडबरोबर तर कधीच नाहीत. एका पशुवैद्याने खाजेसाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलेलं असतं, लंगडतोय म्हणून घरचे दुसऱ्याकडून मेलोक्सिकॅम आणतात, आणि दोघांनाही एकमेकांचं माहीत नसतं. आधीचा कागद दाखवा एवढंच सांगणं आहे.

दुसऱ्या ठिकाणी हा हिशेब फसतो ते दारावर. औषध रक्तात आलं म्हणजे ते मेंदूत जातंच असं नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा एक पंप बसवलेला असतो. काही औषधं आत शिरली की तो त्यांना उचलून बाहेर टाकतो. आयव्हरमेक्टिन हे जंत, खरूज, गोचिडांवरचं नावाजलेलं औषध याच पहारेकऱ्याच्या भरवशावर सुरक्षित आहे. त्याचा मूळ जिवाणू सातोशी ओमुरा यांना जपानच्या मातीत सापडला, विल्यम कॅम्बेल यांनी त्याचं परजीवींवरचं काम दाखवलं, आणि दोघांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. जंतांच्या मज्जातंतूंत क्लोराइडच्या अशा खिडक्या असतात ज्या सस्तन प्राण्यांकडे नाहीतच. आयव्हरमेक्टिन त्या उघड्या ठेवतं आणि जंत लुळा पडतो. आपल्याकडे आणि कुत्र्यांकडे ज्या खिडक्यांवर ते थोडंफार चालतं, त्या मेंदूत आहेत, दाराच्या आत.

कॉली जातीच्या बहुसंख्य कुत्र्यांत त्या पंपाच्या जनुकाची निदान एक प्रत बिघडलेली असते. चार अक्षरं गळालेली आहेत, बस. २००१ मध्ये हा बिघाड सापडला. दोन्ही प्रती बिघडलेल्या कुत्र्याला खरजेसाठी देतात त्या मात्रेत आयव्हरमेक्टिन दिलं की ते सरळ मेंदूत जातं. बाहुल्या मोठ्या होतात, लाळ गळते, चाल झोकांडते, मग कुत्रं बेशुद्ध, कधी कधी आठवडाभर. गंमत अशी, की हार्टवर्म, म्हणजे हृदयात राहणारे जंत, होऊ नयेत म्हणून महिन्याला देतात ती मात्रा इतकी कमी असते, किलोला ६ मायक्रोग्रॅम, की याच कॉलीला तिने काही होत नाही. खरजेची मात्रा तिच्या पन्नास-शंभर पट असते. औषध तेच, कुत्रंही तेच. ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि शेल्टी यांच्यातही हा बिघाड दिसतो. जनुकाची तपासणी आता सहज होते, मेंढपाळ जातीचं कुत्रं पाळलं असेल तर ती करून निकाल त्याच्या कागदांत ठेवून द्या. जुलाब थांबवायला माणसं घेतात ते लोपेरामाइडही याच पंपामुळे मेंदूबाहेर राहतं. अशा कुत्र्याला ते दिलं की झापड येते, कारण मुळात ते अफूच्या कुळातलं औषध आहे.

घोडा असलेल्यांसाठी एवढंच, की जंताच्या पेस्टची एक नळी साडेपाचशे-सहाशे किलोच्या जनावरासाठी भरलेली असते. घोडा थुंकतो, पेस्ट जमिनीवर पडते, कुत्रं चाटतं. पुढचं सांगायला नको.

मांजरांच्या डोळ्यांतही असंच एक दार कच्चं आहे. एन्रोफ्लॉक्सॅसिन हे रोजच्या वापरातलं प्रतिजैविक. ते डोळ्याच्या पडद्यात साचू न देणारा पंप मांजरात नीट चालत नाही. दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की बाहुल्या विस्फारतात आणि मांजर भिंतीवर आपटायला लागतं. बऱ्याचदा दृष्टी परत येत नाही. कुत्र्याला याच्या दुप्पट-चौपट मात्रा सर्रास देतात. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला मात्र नाही, त्याच्या सांध्यांतली कूर्चा खराब होते.

प्रतिजैविकांबद्दल बोलतोच आहोत तर एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ‘दिवसातून तीनदाऐवजी एकदाच तिप्पट दिलं तर?’ हा प्रश्न गोठ्यांतून हमखास येतो. पेनिसिलिन कुळातली औषधं जिवाणूची भिंत बांधू देत नाहीत, आणि जिवाणू वाढायला लागला तेव्हाच भिंत बांधतो. म्हणून औषध किती चढलं याला फारसा अर्थ नाही, ते किती तास पुरेसं राहिलं यावर सगळं अवलंबून. एकदम तिप्पट देऊन पुढचे वीस तास जिवाणूला मोकळं रान द्यायचं, हा औषध वाया घालवायचा उत्तम मार्ग. जेंटामायसिन, एन्रोफ्लॉक्सॅसिन यांचं उलट आहे, त्यांचा एकच उंच तडाखा लागतो, म्हणून ती दिवसातून एकदा चालतात. वेळापत्रक पशुवैद्याच्या सोयीने ठरत नसतं, औषधाच्या स्वभावाने ठरतं.

तिसरं ठिकाण पोट. ससा, गिनीपिग, घोडा यांची मागची आतडी म्हणजे जिवाणूंनी भरलेली भट्टी, तिथेच त्यांचा चारा पचतो. सशाला तोंडावाटे अमॉक्सिसिलिन दिलं की भट्टीतले कामाचे जिवाणू मरतात, क्लोस्ट्रिडियम नावाचे घातक जिवाणू माजतात आणि त्यांच्या विषाने ससा दोन-चार दिवसांत जातो. जखम बरी झालेली असते. घोड्याला क्लिंडामायसिन किंवा लिंकोमायसिन दिलं तर जीवघेणी हगवण. रवंथ करणाऱ्या मोठ्या गायीला प्रतिजैविक गोळ्या पाजल्या तर त्या कोटीपोटातल्या, म्हणजे चारा आंबतो त्या पहिल्या मोठ्या पोटातल्या, सूक्ष्मजीवांवर चालतात, गाय चारा सोडते आणि जिथे औषध पोचायला हवं होतं तिथे ते धड पोचतही नाही. म्हणून गाय-म्हशीला इंजेक्शन देतात. लहान वासराचं कोटीपोट अजून सुरू झालेलं नसतं, त्याला तोंडाने चालतं. म्हणजे एकाच गोठ्यात, एकाच जातीच्या दोन जनावरांना नियम दोन. आणि गुरांच्या खुराकात मिसळतात ते मोनेन्सिन त्यांना पचतं, घोड्याने तोच खुराक खाल्ला तर हृदयाचा स्नायू निकामी होतो.

शेळ्या पाळणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की शेळी म्हणजे मेंढी नव्हे. शेळीचं यकृत बरीच जंतनाशकं मेंढीपेक्षा लवकर निकालात काढतं. वर्षानुवर्षं शेळ्यांना मेंढीचा डोस पाजला गेला, तो अपुरा पडला, आणि त्यातून जे जंत वाचले ते औषधाला न जुमानणारे निघाले. शेळीला बहुतेकदा मेंढीच्या दीडपट-दुप्पट लागतं, पण लेव्हामिसोलसारख्या औषधात उपयोगी आणि विषारी मात्रेतलं अंतर फार थोडं आहे, तिथे वजनकाटाच हवा. डोळ्याच्या अंदाजाने शेळीचं वजन बरोबर सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. माझाही अंदाज चुकतो.

कधी कधी औषध जिथे जाऊन बसतं ती जागाच वेगळी वागते. झायलाझीन हे गुंगीचं इंजेक्शन घ्या. घोड्याला किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम शिरेतून दिलं की तो मान खाली घालून उभा राहतो. गायीला त्याचा दहावा हिस्सा पुरतो. घोड्याचा डोस गायीला दिला तर ती कोसळते, आडवी पडल्यावर पोट फुगतं, कोटीपोटातलं पाणी घशात येतं. डुकराला मात्र घोड्यापेक्षाही जास्त देऊन तो तुमच्याकडे बघत उभा. मांजराला त्याच औषधाने हमखास उलटी होते, म्हणून मांजराने काही भलतंसलतं गिळलं तर उलटी करवायलाच आम्ही ते वापरतो.

सगळ्यांत मला आवडणारं उदाहरण मात्र एका साध्या क्षाराचं आहे. जास्त दुधाची गाय व्याली की चीक आणि दुधावाटे कॅल्शियमचा एकदम उपसा सुरू होतो. हाडांतून आणि आतड्यांतून ते तितक्या वेगाने मिळत नाही, रक्तातली पातळी निम्म्यावर येते. गाय आधी डगमगते, मग बसते, मान वळवून बरगडीवर टाकते. कान गार, नाक कोरडं, शेण बंद. याला दुग्धज्वर म्हणतात, आणि नावात ज्वर असून अंग गार पडतं. घरचे रडवेले झालेले असतात. शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेट सुरू केलं की काही मिनिटांत खांद्यावरचे स्नायू थरथरतात, ढेकर येते, नाकावर दव धरतं, शेणाचा पो पडतो, आणि बाटली संपता संपता ती मेलीच म्हणून सोडलेली गाय उठून उभी राहते. तीस वर्षं बघतोय, अजून अंगावर काटा येतो.

आणि हेच इंजेक्शन घाईने दिलं तर तीच गाय तिथेच मरते. कॅल्शियम हृदयाच्या स्नायूलाही आवळतं. म्हणून बाटली अंगाच्या उबेइतकी कोमट करायची, धार बारीक ठेवायची, एक कान स्टेथोस्कोपवर. ठोका अडखळला की धार बंद. कुणीतरी उरलेली बाटली ठेवून देतं आणि पुढच्या वेळी स्वतःच शिरेत लावतं, त्या गायींबद्दल मी नंतर ऐकतो. शिवाय व्यालेली गाय बसली म्हणजे दरवेळी कॅल्शियमच कमी असतं असं नाही. कासदाहाचं, म्हणजे कासेला जंतू लागून येणाऱ्या सुजेचं, विष अंगात भिनूनही ती बसते, आणि त्या हृदयाला कॅल्शियमचा धक्का अजिबात सोसत नाही.

आता तीच कमतरता कुत्रीत बघा. पाच-सहा पिल्लांना पाजणारी लहान चणीची कुत्री. कॅल्शियम उतरतं, पण ती लुळी पडत नाही, उलट ताठरते, धापा टाकते, झटके येतात, अंग भट्टीसारखं तापतं. गायीत कॅल्शियमअभावी मज्जातंतूकडून स्नायूला निरोपच पोचत नाही. कुत्रीत निरोप पोचतो, आणि मज्जातंतू हळवे होऊन विनाकारण निरोप पाठवत सुटतात. कमतरता एक, चेहरे दोन, उपाय पुन्हा एकच.

बाकी काही औषधांत जनावराला माणसापेक्षा कितीतरी जास्त लागतं, हेही भागाकार करणाऱ्यांना पटत नाही. थायरॉइड मंदावलेल्या कुत्र्याला लेव्होथायरॉक्सिन किलोमागे २० मायक्रोग्रॅम, बहुतेकदा दिवसातून दोनदा. माणसाला पूर्ण दिवसाला किलोमागे दीड-पावणेदोन. चिठ्ठी बघून औषध दुकानदार मला फोन करतात, शून्य जास्त पडलं का म्हणून. विचारतात ते चांगलंच करतात, पण न विचारता परस्पर डोस कमी करून देणारेही असतात, आणि मग कुत्रं तीन महिने तसंच सुस्त राहतं. फिट्ससाठी फेनोबार्बिटोन देतो तेव्हा कुत्र्याचं यकृत ते औषध निकालात काढायला हळूहळू सरावतं, आधी पुरणारा डोस पुढे कमी पडतो. ‘औषध लागू पडेना’ म्हणून ते एकदम बंद करू नका. बंद केल्यावर येणाऱ्या फिट्स आधीच्यांपेक्षा वाईट असतात आणि एकामागून एक येतात. रक्ततपासणी करून डोस हलवायचा असतो.

दोन गोष्टी औषधाच्या नसून डब्याच्या आहेत. माणसांच्या काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल असतं. कुत्र्यात त्याने इन्शुलिन उसळतं, साखर कोसळते, यकृतही जाऊ शकतं. म्हणजे औषध योग्य, डोस योग्य, आणि मारलं गोडीने. दुसरं, कुत्र्याच्या मानेवर लावायचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजर थरथरायला लागतं आणि झटक्यांनी जाऊ शकतं. लावलं गेलंच तर भांडी घासायच्या सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुवा आणि निघा.

तुमच्या गायींमुळे एक गोष्ट टाळून चालणार नाही. त्यांच्या अंगात गेलेलं औषध त्यांच्याच अंगात राहत नाही. बाटलीवर दूध किती दिवस काढून टाकायचं ते लिहिलेलं असतं, आणि तो काळ बरोबर त्या औषधाचा, त्या मात्रेचा, त्या मार्गाने दिल्याचा असतो. कासदाहाला सडातून ट्यूब सोडली तर एक मुदत, तेच स्नायूत दिलं तर वेगळी. डोस स्वतःच्या मनाने वाढवलात की ती मुदत निरर्थक झाली. पेनिसिलिनचा अंश राहिलेल्या दुधाला विरजण नीट लागत नाही, ही त्यातली निरुपद्रवी बाजू. पेनिसिलिनची अॅलर्जी असलेल्या माणसाने ते दूध प्यायलं तर काय, ही दुसरी.

आणि मांसावाटे कुठवर जातं, ते गिधाडांनी दाखवलं. गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक फार गुणकारी होतं आणि स्वस्तही. टोचल्यावर थोड्याच दिवसांत मेलेल्या जनावराचं मांस गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडत, युरिक आम्लाचे पांढरे खडे आतल्या अवयवांवर साचत. २००४ मध्ये हे कारण उघड झालं, तोवर भारतीय उपखंडातल्या तीन जाती संपत आल्या होत्या. भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळ या तिन्ही देशांनी जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. मग लोक माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरू लागले, म्हणून २०१५ मध्ये भारतात माणसांसाठीचं इंजेक्शनही एका डोसच्या पॅकपुरतं मर्यादित केलं गेलं. गुरांना मेलोक्सिकॅम तितकंच उपयोगी पडतं आणि गिधाडांना त्याने काही होत नाही. ‘माणसांचंच औषध आहे, गायीला का नाही’ या तुमच्या प्रश्नाचं हे सर्वांत लांबलचक आणि महाग उत्तर ठरलं.

आता त्या सहा अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या. कुणासाठी दिल्या होत्या, आणि त्या उरल्या का? कुत्र्यासाठी होत्या आणि बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवल्या असतील, तर ज्यांनी दिल्या त्यांना फोन करून विचारा, कारण हल्ली काही आजारांत कोर्स लहानच ठेवतात, काहींत नाही. मांजराच्या गळवासाठी त्याच वापरू का, हे मनात असेल तर पूर्ण कोर्सला सहा पुरणार नाहीत आणि पू काढल्याशिवाय त्या आत पोचणारही नाहीत. पुढे कधी पशुवैद्याने मांजराला गोळ्या दिल्याच, विशेषतः डॉक्सिसायक्लिन, तर कोरडी गोळी घशात ढकलून सोडून देऊ नका. ती मांजराच्या अन्ननलिकेत अडकते, तिथेच विरघळते आणि नळी जाळते. नंतर ती आक्रसली की मांजराला घास गिळता येत नाही. गोळीमागोमाग सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी गालाच्या बाजूने सावकाश सोडा. ओरबाडेल, ते चालेल.